घर घरी आणताना

वलसाड ते घोलवड हे अंतर रस्त्यानं 75-80 किलोमीटर भरेल. पश्चिम रेल्वेच्या पॅसेंजरनं आम्ही ते शेकडो वेळा कापलंय, कधी बसायला जागा मिळवून, कधी दाराशी उभं राहून. तेवढ्याच अंतरासाठी सध्या आमच्या जेवणाच्या टेबलावर चार पानी यादी पडलेली आहे. तिच्यात टायर आहेत, उंची आहे, गॅस आहे, विम्याचे कागद आहेत, आणि शेवटच्या पानावर चिकूच्या एका फांदीबद्दल तीन ओळी आहेत. कारण या वेळी आम्ही नुसते येणार नाही, एक घर घेऊन येणार आहोत.

वलसाडच्या एका निवृत्त गृहस्थांकडून आम्ही त्यांचं मोटारहोम विकत घेतलं. टेम्पो ट्रॅव्हलरच्या जातीची गाडी. आत दोन पलंग, ओटा, छोटा फ्रिज, पाण्याची टाकी आणि एका कोपऱ्यात दार लावता येईल असं शौचालय. नवऱ्याच्या निवृत्तीच्या पैशांतला बराच वाटा त्यात गेला. ओळखीच्यांना वाटतं, या दोघांना उतारवयात लडाखला जायची हौस आलेली दिसतेय. खरं कारण त्या कोपऱ्यातलं दार आहे.

सासूबाई 81 वर्षांच्या आहेत. 2018 च्या मे महिन्यात आम्ही त्यांना नाशिकला एका लग्नाला घेऊन गेलो होतो. घोलवडहून जव्हारमार्गे नाशिक म्हणजे वळणावळणाचे पाच तास. त्या दिवशी आईंनी पहाटेच्या चहानंतर पाण्याचा थेंब घेतला नाही. ज्या बाईनं गाडीरस्त्यानं लांबचा प्रवास केलाय, तिला याचं कारण सांगावं लागत नाही. गुडघे वाकत नाहीत, वाटेतल्या हॉटेलांची आणि पंपांवरची शौचालयं बहुतेक उकिडवं बसायची, आणि आडोसा शोधायचं वय राहिलं नाही. रात्री त्यांच्या पोटऱ्यांत असे गोळे आले की लग्नघरातल्या बायका तेल चोळत बसल्या. परत आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "आता मी कुठे येणार नाही." आणि त्या खरंच कुठे गेल्या नाहीत. नाशिकला त्यांची थोरली बहीण असते. दोघी रोज फोनवर बोलतात. दोघींनाही ऐकू कमी येतं, त्यामुळे बोलणं बहुतेक "काय म्हणतेस?" असं असतं. भेट मात्र त्या लग्नानंतर नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीची जमीन हलू लागली. धुंदलवाडीच्या आसपास सुरू झालेले ते धक्के महिनोन् महिने येत राहिले. एखादा मोठा धक्का येऊन जातो आणि माणसं सावरतात, तसलं हे नव्हतं. दिवसातून कितीदा तरी भांडी वाजायची. 1 फेब्रुवारी 2019 ला 4.1 तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी हळदपाड्यात घराबाहेर पळताना दोन वर्षांची एक मुलगी पडून दगावली. पूर्वेकडच्या पाड्यांवर लोक घर असून थंडीत बाहेर झोपत होते, त्यांच्यासाठी तंबू उभे राहिले. आमच्या बाजूला त्या मानानं काही झालं नाही, भिंतीला दोन तडे गेले इतकंच. पण आईंनी अंथरूण माजघरातून ओटीवर आणलं आणि ते आजतागायत तिथेच आहे. म्हणजे घर सोडून बाहेर जायचं नाही आणि घराच्या आतही झोपायचं नाही, अशा मधल्या पट्टीत त्या राहतात. त्या पट्टीतून त्यांना नाशिकपर्यंत नेता यावं, यासाठी हा सगळा खटाटोप.

तर यादी. पहिलं पान कागदांचं. गाडीची नोंदणी वलसाडची, जीजे-15. आमचा जिल्हा पालघर, म्हणजे एमएच-48. दुसऱ्या राज्यातली गाडी कायमची इकडे आणायची तर मूळ कार्यालयाचं ना-हरकत पत्र, म्हणजे नमुना 28 लागतो. मालकी बदलायला 29 आणि 30. विमा आपल्या नावावर करून घ्यायला 14 दिवस असतात, पण आम्ही तो आधीच बदलून घेतोय, कारण पहिल्याच दिवशी काही ठोकलं तर कागद कुणाच्या नावावर आहेत याचा खल महामार्गाच्या कडेला करायचा नाही. फास्टॅगही नवा. राहता राहिला परवाना. साध्या मोटारीच्या परवान्यावर एकूण 7500 किलोपर्यंतचं हलकं वाहन चालवता येतं आणि आमची गाडी त्याच्या पुष्कळ आत आहे. आतलं लाकूडकाम कागदांवर नोंदलेलं आहे का, हेही पाहून घेतलं. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे गाडीच्या रचनेत परस्पर बदल करता येत नाही. जुनं मोटारहोम घेणाऱ्यानं पलंगाच्या गादीआधी नोंदणीपुस्तक उलगडावं.

दुसरं पान गाडीचं. टायरच्या कडेला चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालातला 23 वा आठवडा. अशा गाड्या धावतात कमी आणि उभ्या राहतात जास्त. टायर झिजलेले दिसत नाहीत, पण रबर म्हातारं झालेलं असतं. आमच्या गाडीचे चारही टायर त्याच सालचे निघाले. ते बदलूनच ती तिथून हलेल. पाण्याच्या टाकीत 100 लिटर मावतं, म्हणजे 100 किलो वजन. अर्धवट भरलेली टाकी वळणावर हिंदकळते, म्हणून पहिल्या प्रवासात ती रिकामी. गॅसची टाकी बंद, नळी काढलेली. कपाटांना खटके आहेत, तरी काचेचं काही ठेवायचं नाही. आणि चालत्या गाडीत पलंगावर कुणी आडवं व्हायचं नाही. पुढे तोंड असलेली, पट्टा असलेली जागा हीच बसायची जागा.

या शेवटच्या नियमाबद्दल आमच्या घरात वाद नाही. 4 सप्टेंबर 2022 ला याच महामार्गावर, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची मोटार कठड्यावर आदळली. मोटार उदवाड्याहून मुंबईला चालली होती. मागच्या सीटवर बसलेले दोघे गेले आणि दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. मागे बसणाऱ्यानंही पट्टा लावावा हा नियम आधीपासूनच होता. आमच्या भागातल्या लोकांना तो त्या दुपारनंतर कळला.

तिसरं पान रस्त्याचं. एक वाट किनाऱ्याकडून, दमण-उंबरगाववरून बोर्डीला उतरणारी. अंतर कमी, पण गल्ल्या अरुंद. शिवाय दारूबंदीच्या गुजरातेत दमणहून येणारा एवढा मोठा पडदेवाला डबा नाक्यावर थांबवला गेला नाही तरच नवल. घरातली सगळी कपाटं उघडून दाखवत बसावं लागेल. म्हणून दुसरी वाट: पारडी, वापी, भिलाड, अच्छाडला महाराष्ट्र, मग तलासरी, आणि तिथून पश्चिमेला वळून झरीच्या बाजूनं बोर्डी-घोलवड. महामार्गावर ट्रकांची रांग असते, पण रविवारी पहाटे साडेपाचला निघालो तर उजाडता उजाडता तलासरी गाठता येईल. नव्या चालकानं अवजड गाडी अंधारात दामटू नये, तशी भर रहदारीतही शिकू नये.

उंचीचा प्रश्न महामार्गावर येत नाही, तो महामार्ग सोडल्यावर येतो. छतावरच्या एसीसकट गाडी 3 मीटर भरते. एरवी आपण मोटारीतून जाताना डोक्यावर काय आहे हे पाहत नाही. नवरा स्कूटरवर बांबू आणि टेप घेऊन दोन दिवस फिरला. रेल्वे ओलांडायच्या जागेचा आडवा दांडा, लोंबणाऱ्या विजेच्या तारा, पाड्यातल्या रस्त्यावर वाकलेला एक आंबा, सगळं मोजून वहीत लिहिलं. पोरं मागे लागली, "काका, काय मोजताय?" "घर जाईल का बघतोय," हा म्हणाला. पोरं हसली.

मला ते हसू आलं नाही, कारण या रस्त्यावरून घरं जाताना मी नेहमी पाहत आले आहे. दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातली आदिवासी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात. टेम्पोत हंडे, गोधड्या, पत्र्याची पेटी, एखादी कोंबडी, वर बसलेली मुलं. तरणे गडी खलाशी होऊन वेरावळ-ओख्याच्या बोटींवर जातात. तेही घर सोबत नेतात, फक्त त्यांना त्यासाठी कुठलं धोरण लागत नाही. महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. ते चांगलंच आहे, पण घर पाठीवर घेऊन फिरणं ही गोष्ट तलासरीला कुणी नव्यानं शिकवायची गरज नाही. आणि एका जागी माणसासारखं राहता यावं म्हणून इथं मोठी लढाई झालेली आहे. 1945 मध्ये झरीला वारल्यांची सभा झाली, वेठबिगारी नाकारली गेली. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्यात गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि इतर मारले गेले. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात त्या लढ्याची हकिगत लिहिली आहे. त्या झरीच्या बाजूनं आमची पलंगवाली गाडी जाणार, याचं मला अवघडलेपण वाटतं. ते जावं अशी माझी इच्छाही नाही.

कॅराव्हॅन हा शब्दच मुळात फारसी कारवाँ. आमच्या घोलवड-डहाणूत चिकूच्या वाड्या करणारी इराणी कुटुंबं आहेत, आणि त्यांच्याही कितीतरी शतकं आधी आलेल्या पारशांचं संजाण तलासरीहून फार दूर नाही. संजाण पडलं तेव्हा त्यांनी आपला पवित्र अग्नी उचलला आणि बारडाच्या डोंगरावरच्या लेण्यांत नेऊन सांभाळला. परंपरा सांगते, बारा वर्षं. मग वांसदा, नवसारी, असं फिरत 1742 मध्ये तो उदवाड्याला स्थिरावला. रविवारी आम्ही निघू ते उदवाड्याच्या बाजूनं आणि पोहोचू ते बारडाच्या पायथ्याच्या मुलखात, म्हणजे त्याच प्रवासाच्या उलट दिशेनं. घर हलवायची वेळ आली तर काय उचलायचं, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

आमच्या वाडीत कामाला येणाऱ्या बाईंना मी मोबाइलवर गाडीचे फोटो दाखवले. त्यांनी सगळे नीट पाहिले आणि विचारलं, "चूल कुठं?" मी विजेची शेगडी दाखवली. त्यांना ती पटली नाही. तेच फोटो आईंना दाखवले तर त्यांनी पलंग पाहिला नाही, ओटा पाहिला नाही. एकच विचारलं, "बसायचं उंच आहे ना?" दोघींनीही घराची खूण एकेका गोष्टीत सांगितली आणि दोघींचंही बरोबर होतं.

आता चौथं पान. फाटकातून आत आलं की वाडीच्या वाटेवर चिकूची एक फांदी आडवी येते. सासऱ्यांच्या हातचं झाड. चिकू पसरतो, त्याला उंच जाण्याची घाई नसते. फांदी जमिनीपासून अडीच मीटरवर आहे, गाडी 3 मीटर. गाडी फाटकाबाहेर ठेवली तर आईंना 60 पावलं चालावं लागेल, आणि मग दाराशी गाडी हा मुद्दाच संपला. फांदी छाटायचं नाव काढायला नवरा धजेना. सासरे गेल्यापासून त्या झाडाला कुणी कोयता लावलेला नाही. चार दिवस आम्ही दोघं खालच्या आवाजात बोलत राहिलो: मागून वाट काढू, एसी उतरवून ठेवू.

आईंना ऐकू कमी येतं, पण सगळं नाही. पाचव्या दिवशी त्या काठी टेकत झाडापर्यंत गेल्या. वर पाहिलं, फळं मोजल्यासारखं केलं. म्हणाल्या, "हे उतरवून घे आधी. मग काप. फांदी परत येते." नवरा म्हणाला, "आई, तू नीट विचार कर." त्या म्हणाल्या, "विचार करायला मला वेळच वेळ आहे. तिच्याकडे नाही."

ती म्हणजे नाशिकची बहीण.

त्यानंतर यादी सोपी झाली. रविवारी आईंना सोबत न्यायचं नाही, हे ठरलं. अनोळखी गाडी, नवा चालक. पहिली फेरी आम्ही दोघंच करू, ब्रेक कसे लागतात, वळायला किती जागा लागते ते पाहू. गाडी दाराशी लागली की शौचालयाची टाकी घरच्या शोषखड्ड्यात रिकामी करून पाहायची, पायरीला धरायला दांडा बसवायचा, आणि चार रात्री गाडी वाडीत उभी ठेवायची. आईंना वाटलं तर त्या एखादी रात्र आत झोपतील. जमीन हललीच तर चाकांवरचं घर थोडं डुलेल, तडा जायला त्याला भिंत नाही. मग जव्हारचा रस्ता. तिथली वळणं नवरा आधी एकटा, रिकाम्या गाडीनं करून येणार आहे.

काल रात्री आईंनी यादी वाचून दाखवायला सांगितली. मी चारही पानं मोठ्यानं वाचली. टायरांवर त्यांनी मान डोलावली, विम्यावर जांभई दिली. शेवटी म्हणाल्या, "खाली माझं एक लिही. नाशिकला निघायच्या दिवशी मी सकाळी दोनदा चहा घेणार."

मी ते लिहून घेतलं.