डबा कुठे गेला?

संगणकावरच्या विमानयुद्धात बॉम्ब पडल्यावर काय दिसावं आणि काय ऐकू यावं, हे रचणं हा माझा व्यवसाय आहे. ज्वाळा, धूर, उडालेली माती, हादरा. यातलं जे मला खरोखर येतं, ते विश्रांतवाडीत आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सार्जंटकाकांमुळे. हवाई दलात ते आर्मामेंट फिटर होते. कॅनबेरा विमानांना बॉम्ब चढवण्यात आणि फ्यूज, म्हणजे बॉम्ब कधी फुटावा हे ठरवणारा भाग, बसवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. इमारतीत तेव्हा संगणक आमच्याकडेच होता, म्हणून परदेशातल्या मुलाचे ईमेल वाचायला ते वर येत आणि मग माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसत.

मी कॉलेजात होतो. विमानांचा जो सिम्युलेटर हाताला लागेल तो खेळायचा, असे ते दिवस. काकांना विमानांच्या लढाईत रस नव्हता. त्यांचं लक्ष जमिनीकडे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "अरे, आवाज इतक्यात कसा आला?" हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्फोट किलोमीटरभर लांब असेल तर आवाज यायला तीन सेकंद लागणार. जमिनीतून येणारा हादरा त्याहून वेगानं येतो. म्हणजे आधी दिसतं, मग पायाखाली कळतं, मग ऐकू येतं. काकांनी हे टेबलावर बोटं आपटून, मधले क्षण मोजून शिकवलं. आजही कुठल्याही सिम्युलेटरमध्ये मी सगळ्यात आधी ती मधली शांतता शोधतो.

मग आगीचा प्रश्न. सिनेमात दिसणारा नारिंगी लोळ हा बहुतेक वेळा पेट्रोलचा असतो. बॉम्बमधल्या स्फोटकाची झळाळी डोळा मिटेस्तोवर संपते, उरतो तो करडा-काळा धूर आणि धूळ. धुळीचा रंग जमीन ठरवते, तिचा आकार फ्यूज ठरवतो. टेकताक्षणी फुटणारा बॉम्ब आडवा पसरतो. उशिरा फुटणारा आधी आत घुसतो आणि मातीचा उभा खांब उडवतो. पावसाळ्यातल्या काळ्या जमिनीत तो इतका खोल जाईल की निम्मा जोर मातीच गिळेल, कातळावर तसं होणार नाही, असं काका सांगत. जमिनीचा पोत विचारल्याशिवाय स्फोट रचायला बसायचं नाही, हा माझा नियम तिथून आला.

'आयएल-२ स्टुरमोविक' हा ओलेग मॅडॉक्स यांच्या मॉस्कोतल्या चमूनं केलेला सिम्युलेटर २००१ साली आला. त्यात उड्डाणाआधी बॉम्ब टेकल्यावर फ्यूजनं तो किती सेकंदांनी फोडावा हे ठरवता यायचं. झाडांच्या उंचीवरून उडत बॉम्ब टाकायचा आणि फ्यूजला उशीर ठेवायचा नाही, तर स्वतःचंच विमान त्या स्फोटात सापडायचं. काका खूश झाले. "हे ज्यानं केलं, त्याला बॉम्ब कळतो," म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढी दाद मी क्वचितच ऐकली.

पण त्यांचा खरा धडा तुकड्यांचा होता. एकदा दिवाळीत पोरं डब्याखाली सुतळी बॉम्ब लावत होती. काका म्हणाले, "पोरं आवाज ऐकतात. मी बघतो डबा कुठे गेला." खऱ्या बॉम्बचंही तसंच. मार्क ८२ हा अमेरिकी बॉम्ब घ्या. तो २२७ किलोंच्या वर्गातला, त्यात स्फोटक सुमारे ८७ किलो. उरलेलं बहुतेक पोलाद, आणि फुटल्यावर ते सगळं स्प्लिंटर होऊन सुटतं. हवेच्या दाबाचा जोर अंतराबरोबर झपाट्यानं ओसरतो. तेवढाच दाब दुप्पट अंतरावर पोचवायचा तर आठपट स्फोटक लागतं. स्प्लिंटर मात्र दाबाच्या कितीतरी पुढे जातात. 'डीसीएस वर्ल्ड' हा आजचा नावाजलेला सिम्युलेटर. त्यातलं कॉकपिट बटणागणिक खरं, पण या तुकड्यांचा हिशेब त्यात बराच काळ नव्हता. बॉम्ब ट्रकच्या शेजारी पडायचा आणि ट्रक तसाच उभा राहायचा. शेवटी खेळणाऱ्यांनीच स्क्रिप्ट लिहून ती उणीव भरून काढायला सुरुवात केली.

मला ही उणीव धुराच्या कच्च्या चित्रापेक्षा फार गंभीर वाटते. बॉम्ब नेमला तिथेच लागतो आणि शेजारचं सगळं सुखरूप राहतं, असं ती खेळणाऱ्याच्या मनावर ठसवते. ते खोटं आहे. काका युद्धातल्या माणसांबद्दल कधी बोलत नसत. एकदाच म्हणाले, "बॉम्ब चढवणारा खाली काय होतं ते बघत नाही. तू दाखवणार असशील, तर पुरतं दाखव." मी हे काम धरलं ते या वाक्यामुळे.

आणखी एक गोष्ट त्यांनी विचारली होती: न फुटलेला बॉम्ब तुझ्या खेळात कुठे आहे? २०११च्या अखेरीस जर्मनीतल्या कोब्लेंझ शहरात ऱ्हाईनचं पाणी उतरलं आणि दुसऱ्या महायुद्धातला १.८ टनांचा बॉम्ब उघडा पडला. तो निकामी करण्यासाठी सुमारे ४५ हजार लोकांना घरं सोडावी लागली. काका तेव्हा नव्हते. बातमी वाचताना त्यांचा प्रश्न आठवला. माझ्या कामात त्याचं उत्तर मी अजून देऊ शकलेलो नाही.

१९७१च्या युद्धात विमानांखाली राबलेली पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. वैमानिकांच्या आठवणी छापून येतात, फिटर मंडळींच्या फारशा येत नाहीत. लोहगाव, ओझर, नागपूर इथल्या वसाहतींत अशी माणसं अजून भेटतील. तुमच्या ओळखीत कुणी असेल, तर त्यांच्यापाशी बसा, विचारा, आणि ते सांगतील ते लिहून ठेवा.