कोषांची फुले

लग्नानंतर मी सांगलीहून बेंगळूरुला आले, तेव्हा पहिली संक्रांत मला फार परकी वाटली. शेजारच्या कन्नड घरातून ताट आले. त्यात तीळ, गूळ व सुक्या खोबऱ्याचे बारीक तुकडे, शेंगदाणे आणि डाळे यांचे मिश्रण होते. सोबत उसाचे कांडे आणि साच्यात पाडलेला साखरेचा पांढराशुभ्र पोपट होता. तिळगुळाचा लाडू मात्र कुठेच नव्हता. त्याच आठवड्यात मराठी महिला मंडळाच्या हळदीकुंकवाचे बोलावणे आले. तेथे लाडू मिळाला, पोटभर मराठी बोलायला मिळाले आणि वाण म्हणून प्लास्टिकची गाळणी मिळाली.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सुवासिनींना बोलावून हळदकुंकू लावायचे आणि एखादी वस्तू द्यायची, ही आपली जुनी रीत. त्या वस्तूला वाण म्हणतात. पुढच्या काही वर्षांत माझ्याकडे अशा पाच गाळण्या जमल्या. कोणती कोणी दिली, हे मला आज सांगता येणार नाही.

हा प्रकार थांबवला तो मावशींनी. मंडळात सगळ्याजणी त्यांना मावशीच म्हणत. त्यांच्या यजमानांची सारी नोकरी रेशीम खात्यात गेली होती. एका सभेत मावशींनी पिशवीतून मूठभर कोष काढून सतरंजीवर ओतले. काही पांढरे, काही फिकट पिवळे. प्रत्येकाच्या टोकाला एक भोक.

“यंदाचे वाण आपण हातांनी करू,” त्या म्हणाल्या.

बेंगळूरुहून म्हैसूरच्या रस्त्याला लागले की सुमारे पन्नास किलोमीटरवर रामनगर येते. तेथे रेशीमकोषांचा मोठा बाजार भरतो. रेशमासाठी कोष अखंड लागतो. आतला किडा बाहेर पडण्यापूर्वीच उष्णता देऊन त्याला मारतात आणि मग गरम पाण्यात कोष उकलून त्याचा शेकडो मीटर लांबीचा धागा काढतात. अंड्यांसाठी राखलेल्या कोषांतून मात्र पतंग बाहेर येऊ देतात. तो कोषाचे टोक भिजवून मऊ करतो आणि वाट काढतो. मग त्या कोषातून सलग धागा निघत नाही. मावशींच्या पिशवीतले कोष असे होते.

त्यांची फुले करणे अवघड नाही. भोकाच्या बाजूने कात्रीने पाच चिरा द्यायच्या, पाकळ्यांना गोलाई द्यायची, कोष रंगाच्या कोमट पाण्यात बुडवून सावलीत वाळवायचा. मग पाकळ्या बोटांनी हळूच बाहेर वळवायच्या, मध्ये मणी बसवायचा आणि खालून बारीक तार ओवायची. तीन फुलांचा एक गुच्छ दाराला, आरशाला किंवा देवघराच्या चौकटीला शोभून दिसतो. घाई केली तर पाकळी देठाशी फाटते. माझ्या पहिल्या दहा फुलांची तीच गत झाली.

ही गोष्ट जानेवारी २०२० ची. तीन आठवडे आम्ही मावशींच्या घरी दुपारी जमत होतो. त्यांचे यजमान आदल्या उन्हाळ्यात वारले होते. भिंतीवरच्या त्यांच्या तसबिरीखाली बसूनच आम्ही गुच्छ बांधले. आमंत्रणांची यादी माझ्याकडे होती. मागील वर्षाची यादी समोर ठेवून मी ती उतरवली आणि मावशींच्या नावाशी आल्यावर ते गाळले. कोणी सांगितले नव्हते. माझा हात आपोआप खालच्या ओळीवर गेला.

हळदीकुंकवाच्या दिवशी गुच्छांचे फार कौतुक झाले. संध्याकाळी एक गुच्छ उरला. तो मावशींना नेऊन देण्याचे धैर्य मला झाले नाही.

पुढे करोनाची साथ आली आणि मंडळाचे कार्यक्रम थांबले. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाची बातमी वाचली. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव तेथील ग्रामपंचायतीने केला होता, आणि इतर गावांनीही तो आदर्श घ्यावा असे शासनाने परिपत्रक काढून सांगितले. हेरवाड माझ्या माहेरापासून फारसे दूर नाही. त्या गावाने उघड सभेत निर्णय घेतला. माझी चूक तर मी एकटीने, टेबलाशी बसून, पेनाने केली होती.

जानेवारी २०२३ मध्ये मंडळ पुन्हा जमले. मी मावशींचे नाव सुचवले. दोघीजणी गप्प राहिल्या. एक म्हणाली, “त्यांनाच अवघडल्यासारखे होईल.” तेव्हा विचारायला मीच गेले.

मावशींनी दार उघडले, सगळे ऐकून घेतले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “यादी तूच लिहायचीस ना?”

मी मान हलवली.

“येईन. पण कुंकवाचा आग्रह करू नकोस. मला वाटले तर मी स्वतः बोट पुढे करीन.”

त्या आल्या. मी त्यांच्यासमोर कोयरी धरली. त्यांनी हळदीचे बोट गळ्याला लावले, कुंकवाकडे पाहिले आणि तिळगूळ उचलला. मी तीन वर्षे जपून ठेवलेला गुच्छ त्यांच्या ओटीत घातला. चष्मा सावरून त्यांनी तो उलटसुलट पाहिला.

“अगं, ही पाकळी आत वळवलीस,” त्या म्हणाल्या, “ती बाहेर वळवायची असते. आण, कात्री कुठे आहे?”