मलाक्काच्या पाण्यावर एक दिवस

सिंगापूरहून पेनांगकडे निघालेल्या आमच्या क्रूझला आज कुठलेच बंदर नव्हते. मलाक्काची सामुद्रधुनी म्हणजे एकीकडे मलेशिया, दुसरीकडे सुमात्रा. त्यामुळे पाणी तळ्यासारखे शांत. हवा मात्र दमट. दुपारी धो-धो पाऊस झाला आणि अर्ध्या तासात पुन्हा लख्ख ऊन.

अब्बांना डेकवर खुर्चीत बसवले. तीस वर्षे मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस. या वाटेने कितीदा गेले, पण वर यायचे ते बहुधा अंधार पडल्यावर. वेटर चहा घेऊन आला तसे उठून उभेच राहिले!

"बसा अब्बा, आज तुम्ही पॅसेंजर."

अस्रला मी किब्ल्यासाठी मोबाइल फिरवत बसलो. अब्बांनी नुसते सूर्याकडे पाहिले. "जहाज वायव्येला चाललंय. किब्ला त्याच्या जरा डावीकडे." मोबाइलनेही तेच सांगितले. सफरीतल्या दोन रकात आम्ही तिथेच कोपऱ्यात अदा केल्या.

सलाम फेरल्यावरही त्यांचा तळवा डेकवर टेकलेला होता. खालची थरथर हाताला लागत असावी.

"चार ते आठची वॉच लागली असेल," ते म्हणाले. "पोरांना चहा मिळाला की नाही, कोण जाणे."