ती ऐंशी माणसं

सॉक्रेटिसच्या खटल्याची गोष्ट आपण एका दमात ऐकलेली असते. आरोप झाले, म्हातारा बोलला, विषाचा प्याला पुढे आला. माझीही अनेक वर्षं अशीच समजूत होती की पंचांनी एकदा कौल दिला आणि त्याला मारलं. त्या दिवशी मतदान दोनदा झालं होतं, हे कळायला माझी पन्नाशी उलटावी लागली. आणि कळल्यापासून सॉक्रेटिसपेक्षा दुसरीच माणसं डोक्यात घर करून बसली आहेत.

साल इसवी सनपूर्व 399. अथेन्समध्ये न्यायासनावर कुणी कायदेपंडित नसे. वयाची तिशी ओलांडलेले साधे नागरिक चिठ्ठ्या टाकून निवडले जात. या खटल्याला पाचशेच्या आसपास होते. दिवसाचा भत्ता तीन ओबोल. घरी बसून कंटाळलेल्या म्हाताऱ्यांना हे काम फार आवडे, आणि अ‍ॅरिस्टोफेनिसनं त्यावर एक अख्खं नाटक रचून त्यांची रेवडी उडवली होती. आरोप करणारे तिघे: मेलेटस, अ‍ॅनिटस, लायकॉन. शहराचे देव मानत नाही, नवी दैवतं आणतो, तरुण पोरांना बिघडवतो, एवढंच आरोपपत्र. प्लेटो तिथे हजर होता. त्याच्या सांगण्याप्रमाणे निकालानंतर सॉक्रेटिस स्वतःच चकित झाला: तीसच मतं इकडची तिकडे झाली असती तरी सुटलो असतो, म्हणाला. म्हणजे पाचशे पंच धरले तर 280 विरुद्ध 220.

त्या 280 जणांना मी समजू शकतो. पाचच वर्षांपूर्वी तीस जुलुमशहांनी काही महिन्यांत 1500 च्या आसपास माणसं मारली होती, आणि त्यांचा म्होरक्या क्रिटियस हा एके काळी सॉक्रेटिसच्या बैठकीतला. लोकशाही परत आल्यावर सार्वत्रिक माफी जाहीर झाली, त्यामुळे जुनं उकरून खटला भरायची सोय राहिली नाही. मग राग निघाला देवांच्या नावानं. घरातलं माणूस गमावलेल्या पंचाला क्रिटियसच्या गुरूबद्दल काय वाटलं असेल, हे कळायला तत्त्वज्ञान लागत नाही. याच सॉक्रेटिसनं त्या तिसांचा हुकूम मोडून सालामिसच्या लिऑनला पकडून आणायला नकार दिला होता, हे त्या पंचाच्या लक्षात राहिलं नसेल, इतकंच.

कोडं पुढे आहे. या प्रकारच्या खटल्यात शिक्षा कायद्यानं ठरलेली नसे. फिर्यादी एक शिक्षा सुचवी, आरोपी दुसरी, आणि पंचांनी दोहोंपैकी एक उचलायची. मधलं काही नाही. मेलेटसनं मृत्यू मागितला होता. सॉक्रेटिसनं हद्दपारी म्हटली असती तर पंचांनी सुटकेचा श्वास सोडला असता. तो म्हणाला, माझ्या लायकीचं काही द्यायचंच असेल तर सरकारी भोजनगृहात जन्मभर जेवण द्या. तो मान ऑलिंपिकमधल्या विजेत्यांना मिळे. मग म्हणाला, दंडच हवा तर एक मिना देतो. क्रिटो, प्लेटो वगैरे मित्रांनी जामीन राहतो म्हटल्यावर आकडा तीसवर नेला. तीस मिना म्हणजे तीन हजार द्राख्मा. एखादा पंच रोज न चुकता बसला असता तर तेवढा भत्ता जमवायला त्याला सोळा वर्षं लागली असती. रक्कम चांगली दणदणीत होती. पण सरकारी जेवणाचं वाक्य कानात बसल्यावर तिचा हिशेब कोण करतो!

दुसरं मतदान झालं. डायोजिनीस लाएर्तियस या कित्येक शतकांनंतरच्या चरित्रकाराची नोंद आहे की मृत्यूच्या बाजूला आणखी ऐंशी मतं गेली.

हे ऐंशी लोक थोड्याच वेळापूर्वी म्हणाले होते, याचा गुन्हा नाही. आता म्हणाले, मारा.

मधल्या वेळात नवा पुरावा आला नव्हता, नवा साक्षीदार नव्हता. बदलला होता तो फक्त कानाला लागलेला सूर. सॉक्रेटिसचा अनुयायी झेनोफन तेव्हा दूर आशियात लढाईवर होता. परतल्यावर त्यानं जे लिहिलं त्यात तो या सुराशीच झटतो. खटल्याबद्दल ज्यानं ज्यानं लिहिलं त्यानं त्यानं हा ताठा नोंदवलाय, तर तो होता हे नक्की, पण का होता, असा त्याचा प्रश्न. बाकीचे आरोपी बायकापोरांना पुढे उभे करून रडवत. सॉक्रेटिसला तीन मुलगे, त्यातले दोन लहान. त्यानं पंचांना तोंडावर सांगितलं की मलाही मुलं आहेत, पण मी त्यांना इथे आणणार नाही.

मोडेन पण वाकणार नाही, हे आपण व्याख्यानात टाळ्या घेण्यासाठी म्हणतो. तसा माणूस टेबलापलीकडे येऊन बसला की त्यालाच उद्धट म्हणतो. मकरंद साठे यांच्या ‘सूर्य पाहिलेला माणूस’मध्ये डॉ. लागूंचा सॉक्रेटिस पाहिला तेव्हा अख्खं नाट्यगृह त्याच्या बाजूचं होतं. मीही. तिकीट काढून आलेल्याला सॉक्रेटिसच्या बाजूनं असणं फार सोपं जातं.

मी ज्या संस्थेत नोकरी केली तिथल्या एका चौकशी समितीत मी होतो. तिघांची समिती. भांडारपालावर ठपका होता: साठा नोंदवहीत आणि कपाटात कागदाच्या अकरा रिमांचा फरक. पुरावा पातळ होता. किल्ल्या तिघांकडे असायच्या. दोघांनी दोष सिद्ध म्हटलं, मी नाही म्हटलं आणि तसं लिहूनही दिलं. मग शिक्षेआधी त्याचं म्हणणं ऐकायला त्याला आत बोलावलं. मी सहानुभूतीनंच काही विचारलं. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि म्हणाला, “साहेब, तुम्ही आवक आणि शिल्लक यात घोळ करताय. आधी प्रश्न नीट करा, मग उत्तर देतो.” त्याचं बरोबर होतं. घोळ माझाच होता. बाजूचे दोघे खाली बघून हसले, ते कुणाला हसले हे मला आजतागायत कळलेलं नाही.

दोन वेतनवाढी रोखाव्यात, या शिफारशीवर तीन सह्या आहेत. तिसरी माझी. त्याच फाइलमध्ये चार पानं मागे माझंच मत आहे की दोष सिद्ध होत नाही. एवढ्या वर्षांत ती विसंगती कुणी काढली नाही. बाहेर आल्यावर मी म्हणालोसुद्धा, जरा नरमाईनं घेतलं असतं तर सुटला असता. हे वाक्य मराठीत किती सहज येतं! अथेन्सच्या पायऱ्यांवरही त्या दिवशी ऐंशी जण आपल्या भाषेत हेच म्हणत उतरले असणार.

अथेन्सच्या अगोरात, म्हणजे तिथल्या चौक-बाजारात, उत्खननात एक मातीचं भांडं मिळालं. छोट्या बादलीएवढं, तळाशी बारीक नळी. भाषणाचा वेळ मोजायचं पाणघड्याळ ते. आपलं घटिकापात्र भरत भरत बुडतं, हे वाहत वाहत रिकामं होतं. साडेसहा लिटरांच्या आत-बाहेर पाणी, सहा मिनिटं. काळ सॉक्रेटिसचाच, आणि त्यावर अंतिओखिस या गणाचं नाव लिहिलेलं. सॉक्रेटिसचा गणही तोच, हा निव्वळ योगायोग. त्याच्या भाषणात वेळेबद्दलची एक तक्रार आहे: इतर शहरांत देहदंडाचा खटला एका दिवसात उरकत नाहीत, तुमच्याकडे तसा कायदा असता तर तुमची खात्री पटवली असती. पहिल्यांदा वाचताना हे वाक्य मला पळवाटेसारखं वाटलं होतं. आता वाटतं की ते त्या ऐंशींसाठी होतं. रात्र मध्ये गेली असती, घरी जाऊन जेवण झालं असतं, बायकोनं विचारलं असतं की काय झालं आज, आणि सांगता सांगता तो सरकारी जेवणाचा टोला कदाचित थोडा हसण्यासारखाही वाटला असता. आमच्या समितीनं सही करायला अर्धा तास घेतला होता.

शिक्षा झाल्यावर सॉक्रेटिस आणखी थोडं बोलला. तोवर त्यानं समोरच्यांना ‘अथेन्सकर हो’ एवढंच म्हटलं होतं. आता सुटकेचं मत देणाऱ्यांकडे वळून तो पहिल्यांदा ‘न्यायाधीश हो’ म्हणाला. अधिकारी कामात आहेत तोवर थांबा, गप्पा मारू, म्हणाला. मतं गुप्त होती. कोण कुठल्या बाजूचा, हे त्याला दिसत नव्हतं. ऐंशी जणांपैकी प्रत्येकानं एकदा सुटकेचं मत दिलेलंच होतं. त्यातले किती जण ऐकायला थांबले असतील आणि किती जण तीन ओबोलांच्या रांगेत जाऊन उभे राहिले असतील?