सफरीतला सिलिंडर

मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत पालघर-बोईसरकडून अजमेरला निघणारी टेम्पो ट्रॅव्हलर पाहिली की तिच्या मागच्या भागात दोन वस्तू हमखास दिसतात. गुंडाळलेली सतरंजी आणि गॅसचा सिलिंडर. आमच्या कुटुंबाचीही अशी गाडी निघते. मनोरला महामार्गाला लागायचे, सुरत-बडोदा मागे टाकायचे आणि भूक लागेल तिथे झाडाखाली दस्तरखान पसरायचा. घरचे शिजवून खाण्यामागे कारणे आहेत. हलालची खात्री हे पहिले. अम्मींना शुगर, त्यांना ढाब्याची तेलकट भाजी चालत नाही. आणि चौदा-पंधरा माणसांनी दोन्ही वेळा बाहेर जेवायचे म्हटले तर शिक्षकाच्या पगारात ते बसत नाही, हेही सांगून टाकलेले बरे. शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्या गाड्यांमध्ये झोपायची सोय असते, स्वयंपाकघरही असते. आपली कॅरव्हॅन म्हणजे ही भाड्याची गाडी.

प्रश्न येतो तो सिलिंडर कोणता न्यायचा याचा. घरातला १४.२ किलोचा सिलिंडर भरलेला असला की लोखंडासकट तीस किलोच्या आसपास जातो. तो कनेक्शन घेतलेल्या घराच्या चुलीसाठी आहे, प्रवासासाठी नाही. योग्य तो पाच किलोचा, कंपनीचा. इंडेनचा ‘छोटू’, हिंदुस्थान पेट्रोलियमचा ‘अप्पू’, भारतगॅसचा ‘मिनी’. ओळखपत्र दाखवले की तो एजन्सीत, काही पेट्रोल पंपांवर आणि किराणा दुकानांतही मिळतो. पत्त्याचा पुरावा लागत नाही. संपला की रिकामा देऊन भरलेला घ्यायचा, परराज्यातही त्याच कंपनीच्या विक्रेत्याकडे. सबसिडी नाही, भाव बाजाराचा. घरचा रेग्युलेटर त्याला बसेलच असे धरून चालू नये. सिलिंडर घेतानाच विचारून जोडीचा घ्यावा.

एवढे सोपे असताना लोक दुसरीकडे का जातात? आम्ही भाषा शिकवतो. एकदा वर्गाला ‘आमचे स्वयंपाकघर’ असा निबंध दिला होता. बोईसरच्या चाळींत भाड्याने राहणाऱ्या कामगारांची मुले वर्गात बरीच. कितीतरी वह्यांत एकच वाक्य वेगवेगळ्या अक्षरांत आले: रविवारी अब्बा बाजारात जाऊन छोट्या सिलिंडरमध्ये एक किलो गॅस भरून आणतात. कुणी दोन किलो लिहिले होते. वह्या तपासता तपासता आमचा लाल पेन थांबला. शुद्धलेखनाची चूक नव्हती ना! त्या बापांना नावे ठेवायला जीभ उचलत नाही. रोजंदारीवर पाच किलोचे पैसे एकदम निघत नाहीत. पण दोन किलोचा कंपनीचा सिलिंडरही निघाला आहे, इंडेनने त्याला ‘मुन्ना’ नाव दिले आहे, हे त्यांच्यापर्यंत कुणी पोचवत नाही. दुकानात किलोने मिळणारा गॅस स्वस्त पडतो की महाग, हाही हिशेब एकदा मांडून पाहावा.

या दुकानांत मोठा सिलिंडर उलटा धरून नळीने लहानात गॅस सोडतात. हे बेकायदा आहे, पण कायद्याची भीती बाजूला ठेवू. धोका कुठे आहे तो पाहू. सिलिंडरमधला गॅस द्रवरूप असतो आणि उन्हाने तो फुगतो. म्हणून कारखान्यात भरताना वर मोकळी जागा मुद्दाम राखतात, वजन करून. दुकानदार अंदाजाने भरतो. काठोकाठ भरलेला सिलिंडर मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीत राहिला तर फुगणाऱ्या द्रवाने जायचे कुठे? शिवाय त्या पातळ पत्र्याच्या सिलिंडरवर ना शिक्का, ना तपासणीची तारीख. आणि हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही. गाडीच्या तळाशी, सीटखाली, झोपलेल्या मुलांच्या पायाशी साचतो.

कंपनीच्या सिलिंडरवरची तारीख वाचायला शिकावी. वरच्या कड्याला धरणाऱ्या पट्टीवर आतून सी-२७ असे काही लिहिलेले असते. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाही. सी-२७ म्हणजे जुलै ते सप्टेंबर २०२७. ती मुदत उलटून गेलेला सिलिंडर घेऊ नये. रिकाम्या सिलिंडरचे वजनही त्यावर कोरलेले असते. काट्यावर ठेवून वजाबाकी करा, आत किती गॅस आहे ते कळते. आमच्या घरातली मुले हे काम हौसेने करतात. नळी नारिंगी, आयएसआयची. पाच वर्षांनी बदलायची.

वाटेत सिलिंडर उभा, दोरीने बांधलेला. रेग्युलेटर काढून टोपण लावलेले. शेगडी गाडीबाहेर, मोकळ्यावर पेटवायची. वारा असेल तर पत्र्याचा आडोसा शेगडीला करावा, सिलिंडर मात्र त्या उष्णतेपासून लांब. जोडणीवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहायचे, काडी लावून नव्हे. डिसेंबरात अजमेरकडे पहाटे थंडी असते, आच मंद होते. तेव्हा काहीजण सिलिंडर आडवा करतात. असे केले तर वायूऐवजी द्रवच नळीत उतरतो. थोडे ऊन येऊ द्यावे. चहा अर्धा तास उशिरा झाला तर कुणाचा रोजा नाही तुटत. थंडी वाजते म्हणून बंद गाडीत शेगडी पेटवून झोपणे तर नकोच, त्यातला विषारी धूर ना दिसतो ना वास देतो.

आमच्या एका चुलत भावाला हाच सिलिंडर रेल्वेने न्यायचा होता. ‘पिशवीत कोण बघतो?’ म्हणाला. त्याला मदुराईची गोष्ट सांगितली. २६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे लखनौहून आलेल्या यात्रेकरूंचा डबा मदुराई स्थानकाजवळ उभा होता. आत लपवून नेलेल्या सिलिंडरवर चहा ठेवला गेला. आग लागली आणि नऊ माणसे गेली. रेल्वेच्या कायद्यात अशा सामानासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आहे. भावाने काही उत्तर दिले नाही, पण सिलिंडर ठेवून गेला.

गळतीचा वास आला तर १९०६ हा क्रमांक देशात कुठूनही चालतो. आम्ही तो खडूने सिलिंडरवरच लिहून ठेवतो. यंदा परतताना त्यात दीडेक किलो गॅस उरला होता. तारापूरच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलेला भाचा खोली घेऊन राहतो, त्याला रेग्युलेटरसकट देऊन टाकला. त्याची ती बाजारात भरलेली डबी त्याच दिवशी खोलीबाहेर गेली.