कर्ता नसलेलं वाक्य

आजीचं बोट धरून मी पहिल्यांदा पंढरपूरच्या महाद्वारापाशी उभी राहिले, तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. नामदेव पायरीवर पाय द्यायचा नाही, हे तिनं एसटीतच बजावलं होतं. वाकून पायरीला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा आणि पायरी ओलांडून आत जायचं. पण आत जाण्याआधी तिनं मला समोरच्या लहानशा समाधीकडे वळवलं. “हे आपले चोखोबा. त्यांना आत जाऊ दिलं नाही गं,” असं म्हणून तिनं पदरानं डोळे टिपले.

“कुणी?” मी विचारलं.

आजी क्षणभर थांबली. “तेव्हाची रीतच तशी होती,” म्हणाली आणि मला घेऊन रांगेत शिरली.

पुढं किती कीर्तनांत अस्पृश्य ठरवलेल्या जातीतल्या या संताची कथा ऐकली! मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना भिंत कोसळली आणि चोखोबा गाडले गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी ओळखल्या त्या विठ्ठलनामाच्या आवाजावरून. मग महाद्वारासमोर समाधी झाली. अख्खा मंडप गहिवरतो. पण प्रत्येक संताच्या कथेत वाक्यं तशीच येतात : जाऊ दिलं नाही, वाळीत टाकलं, गाथा बुडवायला लावली. व्याकरणात कर्ता लपवायची सोय आहे आणि आम्ही ती भक्तिभावानं वापरतो. छळ आठवतो, छळणारा तेवढा आठवत नाही.

समाधी ते पायरी हे अंतर मोजक्या पावलांचं. चोखोबा गेले १३३८ साली. त्यांच्या माणसांना ती पावलं चालून आत जाता यावं म्हणून साने गुरुजी १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसले. मधे सहाशे नऊ वर्षं गेली. त्या सगळ्या वर्षांत चोखोबांचे अभंग आम्ही गात होतो. मंदिर खुलं करायला विरोध करणारे कुणी परके नव्हते, विठ्ठलाचंच नाव घेणारे होते.

नाशिकलाही तेच घडलं. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला आणि जवळजवळ पाच वर्षं चालला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं, की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. आतल्या रामानं दाराला कडी घातली नव्हती. कडीवर हात आमचे होते.

“कशाला जुन्या खपल्या काढायच्या?” असं आमच्यातले भले लोक म्हणतात. पण ती खपली आपल्या अंगावर नाहीच. जखम ज्यांना झाली, त्यांना विसरायचा हक्क असेल. ज्यांच्या हातून झाली, त्यांना तो नाही. जी चूक ‘रीत’ म्हणून सोडून दिली जाते, ती नवे कपडे घालून परत येते. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला तो २०१६ साली. वाळीत टाकणं काही संतचरित्रात संपलं नव्हतं.

माझी श्रद्धा या आठवणीनं उणी होत नाही. गळ्यात माळ घालायची, तर ती माळ आधी घातलेल्यांनी काय केलं तेही अंगावर घ्यायला हवं. पुण्याई वारशानं घेतो, तर पापाचा हिशेब दुसऱ्याच्या नावावर कसा टाकायचा?

गेल्या वर्षी लेकीला घेऊन त्याच समाधीपुढं उभी राहिले. तिनंही विचारलं, “कुणी जाऊ दिलं नाही?”

“आपण,” मी म्हणाले.

कीर्तनकार महाराजांना, घराघरातल्या आज्यांना माझं हात जोडून एवढंच मागणं आहे. चोखोबांची कथा सांगाल, तेव्हा हा एक शब्द गाळू नका.