बोर्ड कापायचा नसतो!

गेल्या हिवाळ्यात आमच्या गराजमध्ये सर्किट बोर्डाचा कारखाना निघाला. कामगार दोनच, सहावीतली लेक आणि तिचे बाबा. शाळेच्या सायन्स फेअरसाठी तिला कुंडीतली माती सुकली की लाल दिवा लावणारं यंत्र करायचं होतं. तीन संध्याकाळी बसून तिने तांबं चढवलेल्या बोर्डावर मार्करने रेघा काढल्या. मग आम्ही तो फेरिक क्लोराइडमध्ये बुडवला. नको असलेलं तांबं गेलं, बाबांचा एक शर्टही गेला. असो.

आता मोठ्या बोर्डातून हवा तेवढा तुकडा काढायचा होता. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये हॅकसॉ चालवला, त्यानंतर वीस वर्षं फक्त की-बोर्ड! तरी ऐटीत पत्र्याची कात्री घेतली आणि दाबली. कड पांढरी पडली, थर सुटले आणि तडा थेट तिने काढलेल्या रेघेत शिरला. आमच्या नोकरीत चुकलं तर मागे जाता येतं, इथे कसलं? लेक काही बोलली नाही. मार्कर उचलून आपल्या खोलीत गेली. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या बोर्डाच्या वेळी आम्ही उरलेल्या तुकड्यांवर आधी सराव केला. तेव्हा कळलं, की हा बोर्ड कापायचा नसतोच. आधी कोरायचा, मग मोडायचा, मग घासायचा. (इंग्रजीत ती या सगळ्याला 'कट'च म्हणत होती.) लागतं काय, तर स्टीलची पट्टी, दोन क्लॅम्प आणि प्लास्टिक शीट कापायचा आकडेदार कटर. सगळं स्वस्तातलं. बोर्ड जेमतेम १.६ मिलिमीटर जाड. पट्टी घट्ट बसवून एकाच रेघेवर हलक्या हाताने वीस वेळा कटर ओढायचा, पहिल्याच फटक्यात जोर केला तर तो घसरतो. मग बोर्ड उलटून तेच. दोन्ही रेघा अगदी समोरासमोर हव्यात, आणि तांब्याच्या रेघांपासून दोनेक मिलिमीटर लांब. शेवटी रेघ टेबलाच्या कडेवर ठेवून तळहाताने दाबायचं. कट्!

कड घासताना मात्र सांभाळा. बोर्डात काचेचे धागे असतात. त्यांची धूळ अंगाला खाजते आणि छातीत जाणं वाईट. म्हणून तोंडाला मास्क, ओला पॉलिश पेपर, आणि नंतर झाडू नाही, ओलं फडकं. पहिल्या दिवशी आम्ही हा उद्योग कणकेच्या परातीशेजारी मांडणार होतो, पण वेळेवर आरडाओरडा झाला.

दुसरा बोर्ड तिने स्वतः मोडला. बाबांना फक्त पट्टी धरायला ठेवलं होतं. वीस फटके मराठीत मोजायचे ठरलं होतं. 'अठरा'नंतर ती थांबली, वर बघितलं आणि म्हणाली, "बाबा, सांगू नका हं."